वाळली फुले, शेंगा आणि एक पिंगळा : हिवाळ्यातील घरगुती आरास

दिवाळी सरली की पुण्याची हवा पालटते. नोव्हेंबरच्या मध्यापासून फेब्रुवारीपर्यंत रात्री गारवा आणि दुपारी लख्ख, कोरडे ऊन असा दिनक्रम बसतो, आणि या कोरडेपणामुळे एरवी चार दिवसांत काळी पडून कुजणारी फुले नुसती उलटी टांगली तरी बुरशी न धरता वाळतात. त्याच सुमारास रस्त्याकडेच्या झाडांच्या शेंगा तडकू लागतात, कुंपणावरचे वेल पिवळे पडून त्यांची फळे कागदी होतात आणि मावळ-मुळशीकडे भाताची कापणी होऊन लोंब्या हाती येतात. मार्गशीर्षातले गुरुवार, नाताळ, संक्रांतीचे हळदीकुंकू आणि लहानग्यांचे बोरन्हाण हे सगळे याच दिवसांत येते, तेव्हा घरात मांडायला काही हलकेफुलके, गमतीदार हवे असतेच. ते फुले, शेंगा, बिया आणि साली यांतून घरच्या घरी कसे करावे, याची ही माहिती आहे.

या आराशीची सगळी गंमत त्या त्या वस्तूच्या अंगच्या आकारात असते, आणि तो आकार ओळखणे हेच यातले खरे काम आहे. सोनेरी रंगाचा फवारा मारला की दहा प्रकारच्या शेंगा एकसारख्या दिसू लागतात, आणि पुढे त्या खतात टाकण्याच्याही राहत नाहीत. म्हणून खाली सांगितलेल्या कोणत्याही वस्तूत रंग, चमकी किंवा बाजारातले तयार डोळे वापरलेले नाहीत.

काय आणावे, कोठून आणावे

वाळवण्यासाठी सर्वांत भरवशाची फुले म्हणजे जी झाडावर असतानाच अर्धी कोरडी असतात ती. गोम्फ्रेनाची बटणाएवढी जांभळी-गुलाबी फुले, कोंबड्याचे मखमली तुरे, स्टॅटिस आणि जिप्सोफिला ही गुच्छांत भरीला घालतात ती बारीक फुले, आणि बोगनवेलीची रंगीत कागदी पाने यांत पाणी मुळातच कमी असते, त्यामुळे वाळल्यावर त्यांचा आकार बदलत नाही आणि रंगही फारसा उतरत नाही. पावसाळा संपताना शेतांच्या बांधांवर फुलणारा कुर्डू हा त्यांचाच रानातला भाऊबंद. त्याचे रुपेरी-गुलाबी तुरे बाजारातल्या कोणत्याही महागड्या फुलापेक्षा सुंदर वाळतात, आणि शेतकऱ्याच्या दृष्टीने ते तण असल्याने विचारून घेतले तर कोणी नाही म्हणत नाही. झेंडू आणि गुलाब यांना थोडी मेहनत लागते. निशिगंध, मोगरा आणि जाई-जुई यांच्या वाटेला मात्र जाऊ नये, कारण त्यांच्या मांसल पांढऱ्या पाकळ्या हमखास तपकिरी पडतात.

फुले घ्यायची तर गुलटेकडीच्या मार्केट यार्डातला फूलबाजार सकाळी लवकर गाठावा. तेथे जुडीने मिळणारी स्टॅटिस आणि जिप्सोफिला पूर्ण उमलण्याच्या थोडी आधीची निवडावी, कारण वाळतानाही फूल किंचित उमलत राहते आणि पूर्ण उमललेल्या फुलाच्या पाकळ्या गळून पडतात. घरी गॅलरी असेल तर जूनमध्ये गोम्फ्रेना आणि कोंबडा यांचे बी एका कुंडीत टाकून ठेवावे. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये तोडणीला येतात आणि त्यांना फारशी निगाही लागत नाही.

शेंगा आणि फळे यांसाठी विकत काही घ्यावे लागत नाही. शहरातल्या रस्त्यांवर नीलमोहर, गुलमोहर, सोनमोहर आणि शिरीष या झाडांखाली त्यांच्या शेंगा पडलेल्या असतात. नीलमोहराची चपटी गोल शेंग तडकून दोन शिंपल्यांसारखी उघडते, सोनमोहराची तांबूस आणि ढालीसारखी असते, शिरीषाची लांब, फिकट आणि वाऱ्यावर खुळखुळणारी असते. सागाचे फळ एका फुगीर, पापुद्र्याच्या पिशवीत बसलेले असते. ही फळे देठासकट मिळाली तर जपून आणावीत, दाबली गेली की पिशवी फाटते. महोगनीची लाकडी फळे हिवाळा सरताना फुटू लागतात आणि त्यांतून एका बाजूला लांब पंख असलेल्या बिया भिरभिरत खाली येतात. सोसायटीच्या झाडूकामातून निघालेल्या ढिगातही हा माल भरपूर सापडतो.

टेकड्यांवरून मात्र काही तोडून आणू नये. वेताळ टेकडी, हनुमान टेकडी किंवा तळजाई येथे गवताचे बी आणि रानफळे पक्ष्यांच्या व किड्यांच्या वाट्याची असतात, आणि पुढच्या पावसात तेथे काय उगवेल तेही त्या बियांवरच ठरते. दुसरे कारण खाजकुयलीचे आहे. हिवाळ्यात तिच्या सोनेरी-तपकिरी मखमली शेंगा फार आकर्षक दिसतात, आणि त्यांना हात लागला की अंगाची अशी आग होते की दिवस वाया जातो.

काही चमत्कारिक आकार रविवार पेठेतल्या किंवा मंडईच्या आसपासच्या काष्ठौषधींच्या दुकानांत मिळतात. बाळघुटीतली मुरुडशेंग घरोघरी ठाऊक असते. स्क्रूसारखा पीळ असलेली ही शेंग शेपटी, टोपी किंवा गोगलगाईचा शंख म्हणून तशीच्या तशी वापरता येते. रिठे, सागरगोटे, हिरडे आणि शिकेकाईच्या शेंगाही तेथूनच घ्याव्यात. बिब्बा घेऊ नये, त्याच्या तेलाने कातडीला फोड येतात. गुंजा, एरंडीच्या बिया आणि धोतऱ्याची काटेरी बोंडे विषारी आहेत, आणि गुंजेचा लाल-काळा दाणा तर लहान मुले तोंडात घालण्याचीच भीती अधिक. ज्या घरात बोरन्हाणाच्या वयाचे मूल आहे तेथे या तिन्ही वस्तू आणूच नयेत.

वाळवण

फुले उन्हात वाळवू नयेत. पापड-कुरडयांच्या सवयीने हात आपोआप गच्चीकडे वळतो, पण उन्हाने फुलांचे रंग उडतात. फुलाला हवी असते कोरडी, खेळती हवा आणि अंधार. माळ्याखालचा कोपरा, कपाटामागची भिंत किंवा पडदा ओढलेली कोरडी खोली चालते. स्वयंपाकघर आणि न्हाणीघराजवळची जागा वाफेमुळे टाळावी.

खालची पाने काढून पाच-सात काड्यांची सैल जुडी करावी आणि ती रबराने बांधावी. सुतळीपेक्षा रबर बरे, कारण वाळताना देठ बारीक होतात, सुतळी सैल पडते आणि जुडी रात्रीतून खाली येते. जुडी उलटी टांगावी म्हणजे देठ सरळ राहतात. गोम्फ्रेना, स्टॅटिस आणि कुर्डू यांना दोन आठवडे पुरतात, कोंबड्याच्या जाड तुऱ्याला तीन लागतात. देठ वाकवून पाहावा: कट्कन मोडला तर फूल तयार, नुसता वाकला तर अजून आठवडाभर राहू द्यावे.

झेंडूची अडचण अशी की पाकळ्या वरून वाळतात आणि हिरव्या पेल्यात पाणी अडकून आतून बुरशी धरते. त्यासाठी पेल्याला धारदार सुरीने उभ्या दोन-तीन चिरा द्याव्यात, आणि फुले जाड सुईने दोऱ्यात ओवताना दोन फुलांत बोटभर अंतर सोडावे. झेंडूचा केशरी-पिवळा रंग कॅरोटिनॉइड प्रकारचा असल्याने तो चांगला टिकतो. लाल गुलाबाचा रंग अँथोसायनिनचा असतो आणि पाणी आटले की तो गडद होत जवळजवळ काळपट दिसू लागतो, म्हणून टांगून वाळवायला गुलाबी किंवा केशरी छटांचे गुलाब घ्यावेत.

गुलाब किंवा शेवंती उमललेल्या रूपातच हवी असेल तर सिलिका जेल, म्हणजे ओलावा ओढून घेणारे दाणे, वापरावे. बारीक कणांचे जेल घ्यावे, कारण मोठ्या मण्यांचे वळ पाकळ्यांवर उठतात. ओलावा दाखवणाऱ्या निळ्या मण्यांत कोबाल्ट क्लोराइड हे विषारी द्रव्य असते, त्याऐवजी केशरी किंवा रंगहीन जेल निवडावे. घट्ट झाकणाच्या डब्यात अडीच-तीन सेंटीमीटरचा थर करून फूल वर तोंड करून ठेवावे आणि चमच्याने कडेकडेने जेल सोडत पाकळ्यांमधल्या फटी भराव्यात. एकदम वरून ओतले तर फूल दबते. पाच ते सात दिवसांनी डबा हळूच तिरपा करून जेल दुसऱ्या भांड्यात ओतावे, म्हणजे फूल स्वतःच वर येते, त्याला चिमटीने उपसू नये. ओले झालेले जेल मंद ओव्हनमध्ये तापवून पुन्हा वापरता येते. जेल महाग वाटत असेल तर बारीक वाळू चार-पाच पाण्यांनी धुऊन कडकडीत वाळवावी आणि त्याच रीतीने वापरावी. वाळू स्वतः पाणी ओढत नाही, ती केवळ आकार धरून ठेवते, म्हणून भांडे उघडे ठेवावे आणि तीन आठवडे धीर धरावा.

पाने लवचीक राहावीत असे वाटत असेल तर एक भाग ग्लिसरीन आणि दोन भाग गरम पाणी यांच्या मिश्रणात फांदीचे टोक ठेचून उभे करावे. दोन-तीन आठवड्यांत पाने तांबूस-तपकिरी होतात आणि चुरगळत नाहीत. रबराच्या झाडाची आणि फणसाची जाड पाने यासाठी उत्तम.

शेंगा आणि लोंब्या वाळलेल्याच असतात, पण त्यांतून भुंगेरे घरात येतात. त्या पिशवीत घट्ट बांधून तीन दिवस डीप फ्रीझरमध्ये ठेवाव्यात आणि बाहेर काढल्यावर पिशवी लगेच न उघडता खोलीच्या तापमानाला येऊ द्याव्यात, नाहीतर दव धरते.

घोसाळ्याच्या जाळीची माळ

वेलावर जून होऊन वाळलेले घोसाळे कोणी देत असेल तर कधी सोडू नये. साल तपकिरी झाली आणि हलवल्यावर बिया वाजू लागल्या की ते तयार झाले. अर्धा तास पाण्यात भिजवावे, साल सोलावी, बिया झटकून काढाव्यात आणि उरलेली जाळी धुऊन एक दिवस सुकवावी. नंतर धारदार करवती सुरीने दीड-दोन सेंटीमीटर जाडीच्या चकत्या कराव्यात. प्रत्येक चकतीत मधे तीन पोकळ्या आणि भोवती तंतूंची विणलेली कड दिसते, आणि कोणत्याही दोन चकत्यांची नक्षी सारखी नसते. कात्रीने कोणतीही काटछाट न करता मिळालेली ही जाळीदार नक्षी खिडकीत उजेडासमोर फार खुलते.

माळेत तिच्या जोडीला नागपुरी संत्र्याच्या चकत्या घ्याव्यात. संत्रे पाच-सहा मिलिमीटर जाडीचे आडवे कापून चकत्या फडक्यावर टिपून घ्याव्यात आणि ओव्हनमध्ये 90 ते 100 अंश सेल्सिअसवर, मधूनमधून उलटत, तीन-चार तास ठेवाव्यात. उन्हात वाळवल्यास चार-पाच दिवस लागतात. फुलांना वर्ज्य असलेले ऊन संत्र्याला चालते, पण ताटाखाली पाण्याच्या वाट्या ठेवून मुंग्यांचा बंदोबस्त करावा. चिकटपणा पूर्ण गेल्याशिवाय चकत्या माळेत घेऊ नयेत.

सुताचा जाड दोरा आणि गोधडीची सुई घेऊन जाळीची चकती, दोन गोम्फ्रेना, संत्र्याची चकती, एक सागाचे फळ असे ओवत जावे. क्रम काटेकोर ठेवू नये, मधेच तीन गोम्फ्रेना सलग आल्या तरी माळ जिवंत दिसते. प्रत्येक वस्तूच्या दोन्ही बाजूंना दोऱ्याची गाठ मारली की ती सरकत नाही. दाराच्या चौकटीला अशी माळ तोरणासारखी बांधता येते. दसऱ्याला भाताच्या नव्या लोंब्या दाराला बांधण्याची आपल्याकडची जी रीत आहे तिच्याशी हे जुळतेही, म्हणून दोन्ही टोकांना लोंब्यांची एकेक जुडी खाली सोडावी.

पिंगळा

पुण्याच्या जुन्या वाड्यांत, वडा-पिंपळांच्या ढोलीत आणि संध्याकाळी विजेच्या तारांवर दिसणारा ठिपकेदार पिंगळा, म्हणजे छोटे घुबड, हा या शहराचा शेजारी आहे. त्याची वाटोळी मान, पांढऱ्या भुवया आणि रागीट पिवळे डोळे शेंगा-बियांत करणे सोपे जाते, आणि मुलांना त्याच्याइतके दुसरे काही आवडत नाही.

मूठभर नारळाचा काथ्या घेऊन त्याचा आठ-नऊ सेंटीमीटर उंचीचा, वर किंचित चपटा असा गोळा दाबून करावा आणि त्यावर सुताचा दोरा सगळीकडून आवळून गुंडाळावा. हा गोळा जितका घट्ट, तितके पुढचे काम सोपे. पिसांसाठी मक्याच्या कणसाची वाळलेली साल घ्यावी. ती पाच मिनिटे पाण्यात भिजवली की कापडासारखी मऊ होते. तिचे नखाएवढे, खाली गोलाई दिलेले तुकडे कापावेत आणि पांढऱ्या डिंकाने तळापासून वर, कौले शाकारतात तसे एकावर एक चिकटवत जावे. पाठीसाठी तपकिरी सालीचे आणि पोटासाठी फिकट सालीचे तुकडे वेगळे काढून ठेवावेत. सगळी पिसे लागली की गोळा दोन दिवस सुकू द्यावा. साल सुकताना तुकड्यांच्या कडा आपसूक थोड्या वर उचलल्या जातात आणि पिसे फुलवल्यासारखी दिसतात, त्या दाबून बसवू नयेत.

डोळ्यांसाठी वाळलेल्या पिवळ्या झेंडूच्या पाकळ्या बोटाच्या पेराएवढ्या वर्तुळात लावाव्यात आणि मधे कपाळफोडीचे बी बसवावे. कुंपणावर चढणाऱ्या या वेलीचे तीन कोनी, फुग्यासारखे फळ डिसेंबरपर्यंत तपकिरी होते. ते उघडले की आत वाटाण्याहून लहान, काळीभोर, गोल बी सापडते आणि तिच्यावर नेमका बदामाच्या आकाराचा पांढरा ठिपका असतो. हा ठिपका पुढे येईल असे बी बसवले की पिंगळ्याच्या डोळ्यात उजेडाचा कवडसा पडल्याचा भास होतो. दोन्ही डोळ्यांतले ठिपके एकाच दिशेला ठेवावेत, नाहीतर तो तिरळा दिसतो, आणि हेही काहींना आवडते.

चोचीला लाल भोपळ्याची बी टोकाकडून अर्धी कापून खाली वाकलेली लावावी. भुवया आणि गळ्याचा पट्टा कापसाच्या बोंडातून काढलेल्या कापसाने करावा, बोटांनी पातळ पीळ देऊन डिंकाच्या रेषेवर ठेवला की तो बसतो. पाठीवरचे पांढरे ठिपके म्हणून जिप्सोफिलाची एकेक सुटी कळी चिमट्याने, विरळ लावावी. दाट लावली तर पिंगळा जाऊन फुलांचा गुच्छ उरतो. शेवटी बेचकी असलेली एक वाळकी फांदी घेऊन त्यावर तो गरम ग्लू गनने बसवावा. हे शेवटचे काम मोठ्या माणसाने करावे.

याच हाताने महोगनीच्या पंखवाल्या चार बियांचे चतुरही होतात: बाजरीच्या धांड्याचा बोटभर तुकडा म्हणजे धड, लहानसे बोराचे बी म्हणजे डोके, आणि दोन्ही बाजूंना दोन-दोन बिया. ते बारीक तारेने पिंगळ्याच्या फांदीला टांगले की आरास पुरी होते.

कोठे मांडावे, कधी उतरवावे

या सगळ्या वस्तू ठिणगीने भुर्रकन पेटणाऱ्या आहेत. देव्हाऱ्यातली समई, निरांजन आणि उदबत्ती यांच्यापासून त्या हातभर दूर ठेवाव्यात, आणि उजेड हवाच असेल तर एलईडीची माळ वापरावी. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सुगडांच्या मांडणीभोवती ज्वारीची कणसे, हरभऱ्याच्या घाट्यांच्या काड्या आणि कुर्डूचे तुरे छान दिसतात, परंतु पितळी परातीत मांडताना तळाशी आधी कोरडे फडके घालावे, पितळेवर ओल राहिली की देठांना डाग पडतात. धूळ बसली तर फुंकर किंवा रंगाचा मऊ कोरडा कुंचला वापरावा.

मे महिन्यापर्यंत वाळलेल्या फुलांना धोका नसतो, केवळ थेट ऊन टाळावे. वळवाचा पहिला पाऊस झाला की हवेतला ओलावा वाढतो आणि फुले तो ओढून घेऊन मऊ पडतात. म्हणून मेच्या अखेरीस आरास उतरवावी. पिंगळा, चतुर आणि शेंगा घट्ट झाकणाच्या डब्यात वर्तमानपत्राचा चुरा, सिलिका जेलची पुडी आणि कडुनिंबाची वाळलेली पाने घालून ठेवाव्यात. संत्र्याच्या चकत्या आणि रंग उडालेली फुले पुढच्या वर्षासाठी ठेवू नयेत. तारा काढून घेऊन ती कंपोस्टच्या डब्यात टाकावीत. गोम्फ्रेनाच्या वाळल्या फुलांतले बी मात्र आधी चोळून वेगळे करावे, जूनमध्ये तेच कुंडीत पेरता येते.